बिनरंगी दिसणाऱ्या रंगांची करामत

घरासाठी पडदे, सोफ्याचं कापड किंवा भिंतीचा रंग निवडताना हल्ली बरेच जण बेज, राखाडी, मोतिया, ऑफव्हाइट यांवर बोट ठेवतात. कारण ठरलेलं: साधा रंग आहे, कशावरही चालून जातो. चालून जातो हे खरं, पण साधा मात्र मुळीच नाही! खात्री करायची तर सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याकडे पाहावं.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा तालुका. पलसाणा-कडोदरा पट्ट्यात कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या अनेक गिरण्या आहेत. सुरतेच्या मागांवर विणलेलं कोरं कापड, ज्याला या धंद्यात ‘ग्रे’ म्हणतात, त्याचे ताके इथं येतात आणि रंगून बाहेर पडतात. सुरतेच्या या कापडधंद्यात उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थिरावलेल्या खानदेशी माणसांचे हातही मोठ्या संख्येनं आहेत.

पॉलिएस्टरचा धागा हट्टी असतो. तो पाणी पीत नाही, त्यामुळे रंगही सहजी घेत नाही. म्हणून बंद जेट मशीनमध्ये, दाबाखाली, पाणी सुमारे 130 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेत धाग्याची आतली वीण सैल होते, रंगाचे रेणू आत शिरतात आणि कापड निवलं की तिथंच अडकून बसतात.

खरी गंमत पुढेच आहे. बेज रंग मिळवायला साधारणपणे पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग एकत्र करावे लागतात, तेही अगदी चिमूटभर. भडक लाल कापडात निळा कणभर जास्त पडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बेजमध्ये मात्र तीच चूक उठून दिसते. लाल जरा वाढला की कापड गुलाबी मारतं, निळा-पिवळा वाढला की हिरवट. बेज म्हणजे तीन रंगांनी एकमेकांना तोलून धरलेली अवस्था. गोडं वरण चुकलं तर ते झाकायला मसाला नसतो, तसंच हे.

त्यात उजेडाची फितुरी असते. दोन ताके दिवसाच्या उजेडात हुबेहूब जुळतात आणि पिवळ्या दिव्याखाली वेगवेगळे दिसतात. दोन्हींत रंगद्रव्यं निराळी असली की असं होतं. म्हणून शेड पास करण्याआधी नमुना वेगवेगळ्या दिव्यांच्या पेटीत ठेवून तपासतात.

पांढरा तरी सोपा असेल? तोही नाही. पिवळसर झाक घालवायला कापडात एक रसायन घालतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याकडे चुन्यात आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायची ती पिवळटपणा झाकण्यासाठीच. निळीनं कपडा खरं तर किंचित गडद होतो, तरी डोळ्याला तो अधिक शुभ्र वाटतो!

डोळ्याची अशीच आणखी एक फसगत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांनी नीट उलगडली. 1824 मध्ये ते पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगकामाचे प्रमुख झाले. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रारी होत्या. तपासल्यावर धागा निर्दोष निघाला. शेजारच्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. 1839 मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. राखाडी भिंत लाल सोफ्यामागे हिरवट आणि निळ्या सोफ्यामागे पिवळसर वाटते, ती याच कारणानं.

अनेक रंगांची बेरीज बेज होते, हे आकाशातही दिसतं. कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून 2002 मध्ये विश्वाचा सरासरी रंग काढला. तो निघाला फिकट बेज! तांबडे, पिवळे, निळे असे अब्जावधी तारे एकत्र केल्यावर जे उरतं, ते आपल्या पडद्याच्या रंगाशी नातं सांगतं.

तेव्हा असा रंग घरी आणताना घाई करू नका. कापडाचा वीतभर तुकडा मागून घ्या आणि कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. त्यातली गुलाबी, हिरवी किंवा पिवळी झाक लगेच उघडी पडेल. मग तो तुमच्याच सोफ्याशेजारी, सकाळच्या उन्हात, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 केल्विनचा पांढरा दिवा एकाच पडद्याला दोन रूपं देतात. पडदे लागतील तेवढे एकाच लॉटमधून घ्या. नंतर आणलेला जोड तंतोतंत जुळेलच असं नाही. दुकानातल्या दिव्यावर विसंबून बेज रंग कधीही निवडू नये.