घरघर थांबेल, शिट्टी नाही!

पनवेल ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ४९ किलोमीटर. लोकलने एका वेळचा प्रवास जवळजवळ ८० मिनिटांचा, म्हणजे जाऊन-येऊन दिवसातले पावणेतीन तास गाडीत! पनवेललाच गाडी सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते हे खरं. पण चाकांची खडखड, पंख्यांची घरघर काही सुटत नाही. वाशीच्या खाडीपुलावर तर शेजारणीशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. अशा वेळी लेडीज डब्यात ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन लावून शांतपणे डोळे मिटलेली मुलगी दिसली की हेवा वाटतो. घ्यावा का आपणही?

आधी तो करतो काय, ते पाहू. झोपाळा पुढे येत असताना त्याला नेमका तेवढाच उलटा धक्का दिला तर तो थांबतो ना? तसंच हे. हेडफोनमधला बारीकसा माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतलं सर्किट त्याच्या बरोब्बर उलट लहर तयार करून कानात सोडतं आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. कल्पना जुनीच. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीने वैतागलेल्या अमर बोस यांनी विमानातच कागदावर आकडेमोड सुरू केली. हे बोस अमेरिकेतले, पण वडील कोलकात्याचे स्वातंत्र्यसैनिक, बरं का! सामान्य गिऱ्हाइकासाठी त्यांच्या कंपनीचा असा हेडफोन आला तो २००० मध्ये.

आता मेख इथे आहे. उलटा धक्का वेळेवर बसला तरच उपयोग. गाडीची, एसीची, पंख्याची घरघर संथ आणि एकसारखी असते. तिची एकेक लहर तीन-साडेतीन मीटर लांब असू शकते, त्यामुळे सर्किटला तिच्याशी जुळवून घेता येतं. कुकरची शिट्टी, बाळाचं रडणं, हॉर्न यांच्या लहरी त्याहून खूप आखूड, शिवाय अचानक येणाऱ्या. तिथे जरा वेळ चुकली की सगळं फसलं. म्हणून लग्नाच्या वरातीवर किंवा वरच्या मजल्यावरच्या ड्रिलवर उपाय म्हणून हा घेऊ नका, पैसे वाया जातील. शेजारणीच्या गप्पाही बऱ्याचशा ऐकू येतातच!

रोज लोकल करणारीला मात्र मी घे म्हणेन, आणि तेही कानांसाठी. गाडीच्या आवाजावर मात करायला आपण गाणी मोठी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास! मागची घरघर कमी झाली की गाणंही हळू लावून भागतं.

घेताना खोका नीट वाचा. त्यावर ‘एएनसी’ हवं. ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं ते फोनवर बोलताना पलीकडच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून. तुमच्या कानाला त्याने शांतता मिळत नाही. एका अक्षराचा फरक, आणि दुकानदार दोन्हीला ‘नॉइज कॅन्सलेशन’च म्हणतो. एएनसीचे छोटे इयरबड्स दीड-दोन हजारांपासून मिळतात, मोठ्या कंपन्यांचे कान झाकणारे हेडफोन वीस-तीस हजारांच्या घरात जातात. पहिलाच घेत असाल तर इतके पैसे घालायची गरज मला तरी दिसत नाही. कानात घट्ट बसणं महत्त्वाचं, फट राहिली की घरघर आत आलीच. मोठ्या हेडफोनखाली चष्म्याच्या काडीने अशी फट पडते, झुमके टोचतात ते वेगळंच. काहींना एएनसी सुरू होताच कान दडे बसल्यासारखे वाटतात. तेव्हा शक्य असेल तर दुकानात लावून बघाच.

एक मात्र पाळा. बाहेरचं ऐकू येईल अशी सोय, म्हणजे ‘ट्रान्सपरन्सी’ किंवा ‘अँबियंट मोड’, ज्यात असेल तोच घ्या आणि खांदेश्वर आलं की ते बटण दाबा. फलाटावरची घोषणा, मागून येणारी रिक्षा, रात्री पाठीमागे वाजणारी पावलं हे सगळं ऐकू यायला हवं. पुलाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागताना तर हेडफोन सरळ पर्समध्येच टाका.