ब्लेंडेड म्हणजे भेसळ नव्हे: धुराच्या व्हिस्कीची चव कशी घ्यायची

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "ब्लेंडेड म्हणजे भेसळच ना?" नाही हो! म्हणून आज समोर जॉनी वॉकर ग्रीन लेबल आहे. ही ‘ब्लेंडेड मॉल्ट’, म्हणजे दोन किंवा जास्त डिस्टिलरींच्या सिंगल मॉल्टचं मिश्रण. मका-गव्हाची ग्रेन व्हिस्की यात थेंबभरही नसते. बाटलीवरचा १५ हा आकडा सरासरी नाही, आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय आहे.

आता धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आणलेले जव सुकवतात. इथे हा धूर मुख्यतः टॅलिस्कर आणि कलीला या मॉल्टमधून येतो.

मला वाटायचं, वय जास्त तर धूर जास्त. उलटं आहे! पिंपात वर्षं जातात तसा धूर मऊ होतो. मला आधी मध आणि सफरचंद लागलं, मग मागून विझलेल्या चुलीची राख.

पहिल्या वेळी मी बर्फ, सोडा सगळं ओतलं आणि वासच मारून टाकला. तुम्ही तसं करू नका. आधी नुसता वास घ्या, तोंड किंचित उघडं ठेवून. मग छोटा घोट, जिभेवर फिरवून. मग पाण्याचे दोन-चार थेंब आणि परत वास. फरक कळतो.

आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं. तोवर नुसतं ऐका!