सौर पॅनेलांचे स्वदेशी उत्पादन आणि हिंगोलीचे ऊन

हिंगोली जिल्ह्यात हळदीला आणि उसाला पाणी देण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी विजेच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे. रात्रीच्या विजेसाठी अंधारात विहिरीवर जाण्याचा प्रसंग टळावा, हा सौरपंपांचा एक हेतू होय. २०१९ मध्ये केंद्र शासनाची कुसुम योजना निघाली आणि २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना. कुसुम योजनेतील पंपांची पॅनेले व त्यांतील सौरघट हे दोन्ही भारतात तयार झालेले असावेत, अशी अट आहे. देशी उत्पादनाचा प्रश्न अशा रीतीने सेनगाव-वसमतच्या विहिरींपर्यंत येऊन पोहोचतो.

परंतु ‘देशी’ म्हणजे कोठपासून देशी? अतिशुद्ध सिलिकॉन वितळवून त्याची कांडी ओढावयाची, ती कापून कागदासारख्या पातळ चकत्या काढावयाच्या, चकतीवर प्रक्रिया करून घट बनवावयाचा, आणि असे घट जोडून काचेखाली बसवावयाचे, असा हा क्रम आहे. शेवटची पायरी सर्वांत सोपी. भारताची पॅनेल-निर्मितीची क्षमता २०१४ मध्ये अवघी दोन गिगावॅटच्या आसपास होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०० गिगावॅटवर गेली. हा आकडा दिपविणारा आहे, तितकाच फसवाही. घटांची क्षमता त्या मानाने बरीच कमी, आणि चकत्यांची तर नाममात्र. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक चकत्या चीनमध्ये होतात. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्येच पहिला भारतीय सौरघट बनविला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

नव्या तंत्रांचा विचार याच पार्श्वभूमीवर करावयास हवा. पॅनेलाची नाममात्र शक्ती २५ अंश सेल्सियसला मोजतात. वैशाखातील दुपारी मात्र पॅनेलच ६५ अंशांपर्यंत तापू शकते. जुन्या ‘पर्क’ घटाची शक्ती दर अंशास सुमारे ०.३५ टक्के घटते, ‘टॉपकॉन’ची ०.३० आणि ‘हेटरोजंक्शन’ची ०.२५ टक्के. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ५,००० वॅटची पॅनेले लागतात, असे धरले, तर ४० अंशांच्या फरकाने पहिल्यात ७०० वॅट जातात, तिसऱ्यात ५००. दोनशे वॅटचा हा लाभ ऐन पाण्याच्या गरजेच्या दिवसांतला आहे. तरीही कारखानदारांचा ओढा टॉपकॉनकडे आहे, आणि तो अकारण नाही. पर्कच्याच यंत्रमालिकेत काही यंत्रे वाढविली की टॉपकॉन बनविता येतो. हेटरोजंक्शनला सारी मालिका नवी लागते, शिवाय चांदीही अधिक खर्ची पडते.

केवळ सिलिकॉनच्या घटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के कार्यक्षमतेची आहे. तिच्यापलीकडे जाण्यासाठी सिलिकॉनवर पेरॉव्हस्काइटचा थर देऊन जोडघट करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी अशा घटात ३० टक्क्यांच्या जवळपास कार्यक्षमता मिळविली आहे. मात्र हे यश प्रयोगशाळेतील लहान घटाचे आहे. पेरॉव्हस्काइट ओलाव्याने आणि उष्णतेने बिघडते. पॅनेलाकडून मात्र पंचवीस वर्षांच्या टिकाऊपणाची अपेक्षा असते. शिवाय या जोडघटालाही खाली सिलिकॉनची चकती लागतेच, आणि ती बहुधा बाहेरूनच येते.