लांबलेली साथ आणि आपल्या संवयी



साथीच्या पहिल्या महिन्यांत सावध राहणें फारसें कठीण नसतें. भीतीच तें काम करून घेते. खरी कसोटी पुढें लागते. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कोरोनाची टाळेबंदी सुरू होऊन दोन महिने उलटले होते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं. एकमेकांपासून दूर रहा, असें बजावणाऱ्या शासनालाच हजारों लोकांना निवाऱ्यांत एकत्र आणावें लागलें.

अशा वेळीं कोणता नियम मुख्य व कोणता गौण, हें कळणें अगत्याचें असतें. आरंभीं आपण भाजीसुद्धां साबणानें धूत होतों. त्यांतले बरेच श्रम, मला वाटतें, वायांच गेले. हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, हें पुढें स्पष्ट झालें. रुग्णाच्या उच्छ्वासांतील सूक्ष्म कण कोंडलेल्या खोलींत बराच वेळ तरंगत राहतात. उघड्यावर ते लवकर विरतात. म्हणून पाहुण्याला माजघरांत न नेतां पडवींत बसविण्याची कोंकणी रीत येथें मोठी उपयोगी. ती पाळावयास निग्रह लागत नाहीं. मुखपट्टीचा मात्र विसर पडतो. तिला छत्रीशेजारची खुंटी द्यावी, म्हणजे बाहेर पडतांना हात आपोआप तिकडे जातो.

महाराष्ट्रांत मुखपट्टीची सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली. तरीहि आपणांस खोकला असतांना वृद्ध आप्तांना भेटावयाचें झाल्यास ती खुंटीवरून काढावी, आणि बैठक पडवींतच मांडावी.