चालकाविना मालमोटार

सातारा जिल्ह्यात माण नदीच्या काठी म्हसवड हे गाव वसले आहे. माणदेशात पाऊस थोडा. परंतु येथील खिलार बैलांची कीर्ती मोठी. मालमोटारी येण्यापूर्वी या भागातील माल बैलगाड्यांतूनच बाजारास जाई. रात्री परतताना गाडीवानाचा डोळा लागला, तरी सरावाचे बैल ओळखीच्या वाटेने गाडी घरी आणीत.

मालमोटारीच्या चालकास ही सोय नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकास तीन सेकंद डुलकी लागली, तर सुमारे ५० मीटरपर्यंत ती कोणाच्याही ताब्यात नसते. ज्या यंत्रास झोप नाही व थकवाही नाही, त्यानेच मोटार हाकावी, या दृष्टीने शास्त्रज्ञांनी प्रयत्न आरंभिले.

अशा मोटारीस यंत्राचे डोळे बसविलेले असतात. कॅमेरे रस्त्यावरील रेषा व दिवे टिपतात. रडार रेडिओलहरी सोडते. त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्यांवरून तिचे अंतर व वेग कळतो. लायडार हे उपकरण प्रकाशकिरणांच्या साहाय्याने अंतर मोजते व वस्तूचा आकारही दाखविते. ही सर्व माहिती जुळवून संगणक निर्णय घेतो आणि सुकाणूचक्र व ब्रेक चालवितो.

ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा प्रदेशातील लोहखनिजाच्या खाणींत २००८ पासून अशा मालमोटारी वापरात आल्या. तेथील मार्ग ठरलेले असून परक्या वाहनांस मज्जाव असतो. पुढे २०२५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस व ह्यूस्टन या शहरांच्या दरम्यान, महामार्गावर चालकाविना मालवाहतूक सुरू झाली. परंतु थोड्याच दिवसांत, मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून, चालकाच्या आसनावर एक निरीक्षक बसविण्यात आला.

म्हसवडच्या रस्त्याची गोष्ट आणखी निराळी. येथे मेंढपाळ आपला कळप घेऊन रस्ता ओलांडतो. मेंढ्या पलीकडे जातात आणि एखादे कोकरू अलीकडेच राहते. रस्ता मोकळा दिसतो. तरीही अनुभवी चालक मोटार पुढे काढीत नाही. कोकरू आईमागे धावणार, हे तो जाणतो. मेंढपाळाने काठी उंचावली, की तिचा अर्थही त्यास उमगतो. रस्त्यातील अडथळा यंत्रास दिसतो. परंतु तो अडथळा पुढच्या क्षणी काय करील, हे ओळखणे त्यास अद्याप कठीण जाते.

म्हणून महामार्गावरील लांबचा प्रवास यंत्राने करावा व तेथून गावापर्यंत मोटार माणसाने न्यावी, अशी योजना काही तज्ज्ञ सुचवितात. तसे झाल्यास चालकास रात्री आपल्या घरी विसावा मिळेल. पण दूरच्या फेऱ्यांवरच ज्यांचा संसार चालतो, त्यांना गावाजवळ पुरेसे काम मिळेल काय? यंत्राने चालकाचे जागरण वाचवावे, त्याची भाकरी हिरावू नये. याची काळजी मात्र माणसांनाच वाहावी लागेल.