दारूचा थेंब नाही, मग लिव्हरवर चरबी कशी?

आमच्या पुतणीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घरात आला त्या संध्याकाळची ही गोष्ट. पोरगी बावीस वर्षांची. एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. चार महिने पाळी आली नाही म्हणून वहिनींनी तिला दवाखान्यात नेले होते. रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. एक, दोन्ही अंडाशयांत पाण्याचे बारीक बारीक फुगे दिसतात. दुसरी, लिव्हरवर चरबी आहे. पहिली ओळ कुणाला कळली नाही. दुसरी मात्र सगळ्यांना कळली, निदान तसे वाटले. आमच्या थोरल्या भावाने दारू सोडून अकरा वर्षे झाली. रिपोर्ट हातात धरून तो एवढेच म्हणाला, "मी पीत होतो तेव्हा माझं लिव्हर शाबूत राहिलं, आणि ही पोरगी...?" पुढचे वाक्य त्याने गिळले. पोरगी मोरीत जाऊन रडत बसली.

त्याआधीचे चार महिनेही सुखाचे नव्हते. पाळी चुकली की आईच्या मनात पहिली शंका कोणती येते, हे सांगायला नको. वहिनींनी तिला नाही नाही ते विचारले, एकदा हातही उगारला. शेजारच्या एका बाईने उतारा सुचवला; आपल्या घरात तसले चालत नाही म्हणून तेवढे तरी टळले. जुळत आलेले एक स्थळ "मुलीला काहीतरी आहे" या कुजबुजीने मागे गेले.

घरातली ही गोष्ट आम्ही चारचौघांत मांडतो आहोत ती तिला विचारूनच. तीच म्हणाली, "काका, लिहा. दुसऱ्या पोरींना तरी हे सोसावं लागायचं नाही." लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. व्यसनमुक्तीच्या सभांतून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की लिव्हर बिघडते ते दारूने. ते खरेच आहे. पण ते अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याने आमच्याच घरातली लेक आरोपी ठरली.

हा आजार कोणता?

याला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, थोडक्यात पीसीओएस म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची लक्षणे एकत्र मांडली, तेव्हापासून वैद्यकशास्त्र त्याला ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील शंभर स्त्रियांत दहा ते तेरा जणींना तो असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत जणींना त्याचा पत्ताच नसतो. मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के मुलींत तो आढळला. म्हणजे आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत तो आहेच. आपण त्याला नाव दिले नव्हते इतकेच.

रिपोर्टातल्या त्या फुग्यांना लोक "गाठी" म्हणतात आणि कॅन्सरच्या भीतीने गर्भगळीत होतात. त्या तसल्या गाठी नव्हेत. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायचे, ते अर्ध्यावर थांबते. अशी थांबलेली बीजे सोनोग्राफीत फुग्यांसारखी दिसतात. ती कापून काढायची नसतात.

गोदाम भरले की काय होते?

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. पण महापालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावले ते आमच्या हिशेबी डोक्याला असे उमजले. आपण खातो त्या अन्नाची साखर रक्तात येते. ती शरीराच्या पेशींत, म्हणजे घरोघर पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. काही जणांच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. दार ठोठावले तरी उघडत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडते. असे कित्येक वर्षे चालते. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस निर्धास्त राहतो, आणि आत इन्सुलिनचा पूर वाहत असतो.

हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच. ती वाढली की बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर आणि ओठांवर राठ केस येतात, मुरमे जात नाहीत, डोक्याचे केस विरळ होतात.

दुसरीकडे लिव्हर हे शरीराचे गोदाम. घरोघर न पोचलेला माल तिथे येऊन पडतो आणि त्याची चरबी होते. पोटावरची चरबीही तिथेच उतरते. लिव्हरच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली की तिला फॅटी लिव्हर म्हणतात. आणि गंमत अशी, की पुरुषी संप्रेरकांना बांधून ठेवणारे एक प्रथिन हेच लिव्हर बनवते. इन्सुलिन वाढले, लिव्हर चरबीने भरले, की हे प्रथिन कमी पडते आणि ती संप्रेरके रक्तात मोकळी फिरतात. अशी अंडाशय आणि लिव्हर एकमेकांची थकबाकी वाढवत जातात. म्हणूनच पीसीओएस असलेल्या स्त्रियांत फॅटी लिव्हर इतर स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आढळते. दारूचा थेंबही लागत नाही.

नुसती चरबी असेल तर ती उतरते. पण काहींच्या लिव्हरला त्यातून सूज येते, मग व्रण पडतात आणि बऱ्याच वर्षांनी लिव्हर कठीण होऊन निकामी होऊ शकते. तोवर दुखत काहीच नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

मानेचा मळ नव्हे

डॉक्टरीणबाईंनी पुतणीची ओढणी बाजूला करून मान पाहिली आणि विचारले, "हे काळं कधीपासून?" वहिनी ओशाळल्या. नववीत असल्यापासून त्या पोरीची मान दगडाने घासत होत्या, लिंबू चोळत होत्या, "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून रागावत होत्या. मानेवर, काखेत अशी जाड, मखमलीसारखी काळपट त्वचा येते तो मळ नसतो. बहुधा ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. भगिनींनो, आज रात्री आपल्या मुलीची मान पाहा. तशी त्वचा दिसली तर घासू नका, तिला डॉक्टरांकडे न्या.

काडीसारख्या मुलींनाही

"आमची पोरगी बारीक आहे, तिला कसली चरबी?" असे म्हणू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण यडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! हात-पाय बारीक आणि पोटात चरबी, ही आपल्या लोकांची ठेवणच आहे. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही कामाचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे.

तपासण्या कोणत्या?

अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे आणि सोनोग्राफीतली अंडाशये, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या तर मोठ्या स्त्रियांत पीसीओएस धरतात. त्याआधी थायरॉइडसारखी दुसरी कारणे वगळावी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील तर मुलीचे निदान सोनोग्राफीवरून करू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या वयात पहिल्या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. तेव्हा चौदा वर्षांच्या पोरीला घाईने शिक्का मारून घेऊ नका.

निदान झाल्यावर साखर तपासावी, शक्यतो ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी. रक्तातील चरबी आणि दरवर्षी रक्तदाबही पाहावा. लिव्हरसाठी डॉक्टर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी सांगतील. एक ध्यानात ठेवा, लिव्हरचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असूनही आत चरबी असू शकते. २०२१ साली केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला आहे. म्हणून सरकारी दवाखान्यात हे विचारायला संकोच नको.

उपाय आपल्या आवाक्यातले

वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरले तरी लिव्हरवरची चरबी कमी होऊ लागते आणि पुष्कळ जणींची पाळीही सुधारते. सत्तर किलोच्या बाईसाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. सात ते दहा टक्क्यांनी, म्हणजे पाच ते सात किलोंनी, सूजही उतरते. त्यासाठी उपाशी राहायचे नाही. पांढरा भात कमी, ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, अंडे, मासे, पालेभाजी जास्त. गोड सरबते, कोल्ड्रिंक, फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटे बंद. दिवसाला सहा कप चहा होत असेल तर त्यातली साखर मोजा; आम्ही मोजली आणि हादरलो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालावे. कंपनीत दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे.

औषधांचेही थोडे. डॉक्टर पाळी नियमित करण्यासाठी गर्भनिरोधक गोळी लिहून देतात. "लग्नाआधी ही गोळी?" म्हणून वहिनींनी आधी ती फेकून दिली होती. ती येथे औषध म्हणून असते, चारित्र्याचा दाखला म्हणून नव्हे. तीन-तीन महिने पाळी न येणे चांगले नाही. गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची स्वस्त गोळीही कित्येकींना देतात. मात्र कोणतीच गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नये, आणि डबीवर नाव नसलेल्या चूर्णांनी लिव्हरचे भलतेच व्हायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. बहुतेक जणींना मूल होते. काहींना औषधाची मदत लागते. गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यता असते, म्हणून तेव्हा वेळेवर तपासावे.

शेवटचा हिशेब

डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "घरात कुणाला साखर?" भाऊ म्हणाला, "कुणालाच नाही." खरे म्हणजे कुणी तपासलीच नव्हती. त्याची तपासली, उपाशीपोटी १८० निघाली. मधुमेहाने बाबासाहेबांना शेवटची वर्षे किती छळले हे आपण सगळे वाचत आलो. पण आपल्या घरातली साखर मोजायचे आपल्याला सुचत नाही.

आता बापलेक रोज पहाटे साडेपाचला चालायला निघतात. आठ महिन्यांत तिचे चार किलो वजन उतरले, पाळी दीड-दोन महिन्यांनी का होईना येऊ लागली आहे. मान अजून काळी आहे, पण वहिनींनी दगड टाकून दिला. परवा भाऊ आम्हाला म्हणाला, "त्या दिवशी मी पोरीकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ते तिच्या रिपोर्टापेक्षा वाईट होतं."

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर पोरीची झडती घेण्याआधी तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. आणि जमल्यास तिच्या मागोमाग आपलाही केसपेपर काढा.