सौताड्याचे वजनरहित पाणी

बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून दरीत झेपावते. कडा सुटला की पाणी क्षणभर जवळजवळ वजनरहित होते! पुढे हवेचा विरोध आडवा येतो.

अशा अवस्थेसाठी इंग्रजीत ‘ॲग्रॅव्हिक’, म्हणजे गुरुत्वहीन, असे विशेषण आहे. ते फारसे कोणी वापरत नाही आणि तेच बरे, कारण गुरुत्व कुठे जातच नाही. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकातही ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे धावताना सतत पृथ्वीकडे पडत असते. म्हणूनच २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे तरंगले.

घरी पाहायचे तर बुडाशी भोक पाडलेली, पाण्याने भरलेली बाटली गच्चीवरून सोडा. पडताना धार थांबते.